न कापता, न ठोकता: भिवंडीतलं मांडवाचं छत

भिवंडी तालुक्यातल्या आगरी गावांत लग्नघराचा पत्ता विचारावा लागत नाही. कशेळी असो, काल्हेर असो, खारबाव असो, हळदीच्या आदल्या दिवशी टेम्पो येतो, अर्धी गल्ली अडवून बांबू उतरतात आणि संध्याकाळपर्यंत अंगणावर छत चढलेलं असतं. लग्नगीतं गाणारी धवलारीण धवले म्हणते ती याच छताखाली, बँजो-डीजे रात्रभर वाजतो तोही याच छताखाली. लग्न पार पडलं की दोन दिवसांत अंगण पुन्हा मोकळं होतं. जमिनीतले चार खळगे सोडले तर मागे काही उरत नाही.

मंडपवाल्याच्या हुनराचं मर्म नेमकं इथं आहे. मांडव उभारायला त्याला जेवढं डोकं लागतं, तेवढंच तो धडपणे उतरवायला लागतं. त्याची मालमत्ता म्हणजे गोदामातले बांबू आणि कापडाचे तागे. आज हळदीला गेलेला तागा परवा साखरपुड्याला जायचा असतो. म्हणून या धंद्यात दोन गोष्टी जुने कारागीर नव्या पोराला पहिल्यांदा शिकवतात: कापडाला कात्री लावायची नाही आणि बांबूला खिळा ठोकायचा नाही. बाकीची सगळी करामत या दोन नियमांतून निघते.

कापडाच्या गावात

भिवंडी म्हणजे यंत्रमाग, हे वेगळं सांगायला नको. उत्तरेकडून आलेले मोमीन-अन्सारी विणकर इथं स्थिरावले, पुढं तेलंगणातून पद्मशाली आले आणि पद्मानगर वसलं. हातमागांच्या जागी विजेवरचे माग आले आणि त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. मागावरून उतरतं ते ‘ग्रे’ कापड. ते धुतलेलं नसतं, रंगवलेलं नसतं, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावलेली खळ अजून त्याच्या अंगात असते. प्रोसेस हाउसमध्ये जाऊन आल्यावरच त्याला रंगरूप येतं.

मंडपाला लागणारं सगळं कापड भिवंडीचं नसतं. चकचकीत सिंथेटिक माल सुरतेहूनही येतो. पण कापडाच्या गावात धंदा केल्यामुळे मंडपवाल्याची नजर तयार होते. तो आधी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, बघतो. मग ओलं पांढरं फडकं कापडावर घासून रंग सुटतो का ते पाहतो, कारण भाद्रपदात एक सर आत आली आणि लाल झालरीचा ओघळ पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला, तर हिशेबाच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही. सर्वांत शेवटी तो कापडाची किनार चिमटीत धरून ओढून बघतो.

किनारीला एवढं महत्त्व का? मागावर आडवा धागा काठापाशी वळून परत येतो, म्हणून किनार घट्ट राहते, उसवत नाही. कात्री लागली की ती वळणं तुटतात. कापलेल्या कडेचे धागे पहिल्या समारंभात लोंबतात, दुसऱ्यात निसटतात, तिसऱ्यात दुमडून शिवण घालावी लागते. प्रत्येक वेळी कापड थोडं आखूड होतं. अखंड तागा मात्र कुठल्याही मापाच्या जागेला चालतो. म्हणून जागा कशीही असो, ताग्याला तिच्यात बसवायची जबाबदारी कारागिराच्या हातावर येते.

सात पाटांचं गणित

ते कसं बसतं ते एका खोलीवर पाहू. खोली 12 बाय 15 फुटांची आहे, ताग्याचा पन्ना 44 इंच आहे. कापड सपाट ताणायचं तर 144 इंच रुंदीला चार पाट, म्हणजे कापडाच्या चार पट्ट्या, पुरे होतात. पण सपाट कापडाला मधोमध झोळ येतो आणि प्रत्येक सुरकुती खालून दिसते. चुण्या घातल्या की सुरकुत्या त्यांत लपतात आणि दिव्याच्या उजेडात छताला खोली येते. दुप्पट चुण्यांसाठी 288 इंच रुंदी हवी, म्हणजे सात पाट. प्रत्येक पाट 15 फुटांचा, त्यात झोळ आणि टोकाला गुंडाळायला फूटभर जास्त. एकूण 112 फूट, म्हणजे सुमारे 34 मीटर कापड एका मध्यम खोलीच्या छताला जातं. कडेची झालर वेगळी.

हे सात पाट कापून घेत नाहीत. ताग्याचं टोक एका भिंतीकडच्या बांबूला गुंडाळतात, समोरच्या बांबूपर्यंत नेतात, तिथं वळवून परत आणतात, पुन्हा वळवतात. कापड सलग राहतं. लांबीच्या दिशेनं ते नेण्यामागेही विचार आहे: मागावर ताण्याचे धागे ताणून धरलेले असतात, म्हणून उभ्या दिशेनं कापड कमी ढिलं पडतं. आडवं लावलं तर दुसऱ्या दिवशी पोट सुटतं.

मग टाचण्यांचं काम सुरू होतं. कारागीर उंच स्टुलासारख्या घोड्यावर उभा राहतो, तोंडात चार-पाच टाचण्या धरतो, बोटाच्या पेराएवढी चुणी उचलतो, पुढच्या चुणीवर दाबतो आणि टाचणी तिरपी घालतो. टाचणी धाग्यांच्या मधून वाट काढते, धागा तोडत नाही. काढली की भोक आपोआप मिटतं. स्टेपल मात्र ओढताना कापड फाडते. गंजलेली टाचणी रात्रभर दमट हवेत राहिली तर तांबडा डाग कायमचा बसतो, म्हणून डबा झाकून ठेवायची सवय सगळ्यांना असते.

गोल छत करायचं असेल तर मधोमध एक कडं टांगतात आणि चुण्या त्याच्यापासून चारी बाजूंना सोडतात. पाहुण्यांची नजर त्या मध्यावरच्या झुंबरावर जाते. झुंबराचं वजन कापडावर कधीच नसतं. ते वरच्या आडव्या बांबूला बांधलेलं असतं आणि कापडाला फक्त वाट दिलेली असते.

बांबूची बाजू

बुरूड बांबू चिरतो, त्याच्या कामट्या काढतो, सुपं-टोपल्या विणतो. मंडपवाला बांबू चिरू देत नाही. बांबूचे तंतू उभे, एकमेकांना समांतर असतात आणि बाहेरच्या सालीकडे दाट होत जातात. ताण सोसायची ताकद त्यातून येते आणि खिळा ठोकला की उभी चीर जाते तीही त्यामुळेच. म्हणून सुतळी किंवा काथ्या. गाठ पेराच्या फुगवट्याला टेकवून मारतात, म्हणजे भार आला तरी दोर घसरत नाही. ओला बांबू वापरत नाहीत, कारण तो वाळताना आक्रसतो आणि आज घट्ट वाटलेली गाठ चार दिवसांनी सैल होते.

मांडवाला जाड पोकळ कळकापेक्षा भरीव, सरळ बांबू बरा. महाराष्ट्राच्या जंगलांत मानवेल मिळतो आणि कोकणात शेताच्या बांधावर माणगा; माणगा जवळजवळ बिनकाट्यांचा, सरळ आणि भरीव असल्यामुळे हाताळायला सोपा. पावसाळ्यानंतर तोडलेला, तीन वर्षांपेक्षा जून बांबू घ्यावा, असं जाणकार सांगतात. कोवळ्यात पिष्ट जास्त असतं आणि त्या पिष्टावर भुंगा येतो. बांबू काही दिवस पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत त्यासाठीच आहे: पिष्ट धुऊन निघतं आणि भुंग्याला खायला उरत नाही.

वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू गवत आहे, पण 1927 च्या भारतीय वन कायद्यानं त्याला झाडांत मोजलं होतं. आपल्याच बांधावरचा बांबू तोडून नेताना शेतकऱ्याला परवान्याच्या कटकटी होत. नोव्हेंबर 2017 मध्ये वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला या व्याख्येतून वगळलं.

फरासखान्यापासून बंगल्यापर्यंत

डोक्यावर कापड ताणायची कला मराठी मुलखात जुनी आहे. पेशव्यांच्या कारखान्यांत फरासखाना हा स्वतंत्र विभाग होता. तंबू, कनाती, राहुट्या, जाजमं, सतरंज्या यांची ठेव-उचल त्याच्याकडे. स्वारी निघाली की गाव उभं करायचं, स्वारी हलली की गुंडाळायचं. पुण्यात आज फरासखाना म्हटलं की पोलीस ठाणं आठवतं, पण आजच्या मंडप गोदामाचा कारभार त्या जुन्या खात्याहून फारसा निराळा नाही.

घरातल्या छतालाही कापड होतं. कौलारू घरात वरून माती, पालीची घाण आणि कधी विंचूही पडे. देवघरावर चांदवा बांधत तो शोभेसाठी, पण ही घाण अडवण्याची व्यवहारी सोयही त्यात होती. इंग्रजांनी तोच उपाय आपल्या बंगल्यांत मोठ्या प्रमाणावर केला: जाडंभरडं सुती कापड चौकटीवर ताणायचं आणि त्याला चुना द्यायचा. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात या कापडी छताची नोंद आहे. भिवंडीत अजूनही पत्र्याच्या खोलीत लोक पत्र्याखाली हातभर जागा सोडून पांढरं कापड बांधतात. तापलेल्या पत्र्याची झळ थेट अंगावर येत नाही, तेवढीच उसंत.

जगाच्या दुसऱ्या टोकाला कापड आणि बांबूची हीच जोडी वेगळ्या रूपात दिसते. पॅसिफिक बेटांवर कागदी तुतीची आतली साल कुटून कुटून तापा नावाचं कापड करतात; त्यात ना ताणा असतो ना बाणा. 1930 च्या दशकात कॅलिफोर्नियात या बेटांच्या कल्पनेवर सजवलेली मद्यगृहं निघाली, त्यांना टिकी म्हणू लागले. पुढं अमेरिकी माणसानं घरातही टिकी खोली केली: छताला तापा, कडेनं बांबू. ते छत एकदा ठोकलं की ठोकलं. वर्षानुवर्षं धूळ आणि धूर खात ते तिथंच राहतं. आपल्याकडचं छत मात्र दर खेपेला खाली येतं, झटकलं जातं, उन्हात पडतं आणि नव्यानं चढतं. टिकाऊपणा असाही असतो.

गणपतीची खोली

भिवंडीत गणपती बसणाऱ्या घरांत छताची सजावट होते ती भाद्रपदात. पुढची खोली रिकामी करायची, मागे पडदा, वर चुण्यांचं छत, मधे मखर. मधल्या काही वर्षांत मखर म्हणजे थर्माकोल असं समीकरण झालं होतं. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली. तयार माल पडून असलेल्यांनी त्या वर्षी उच्च न्यायालयात सवलत मागितली, ती मिळाली नाही. मग बांबूच्या कामट्या, कापड आणि पुठ्ठा यांना पुन्हा मागणी आली.

फ्लॅटमध्ये हे काम अंगणापेक्षा अवघड असतं. स्लॅबला भोकं पाडायची नाहीत आणि उंची जेमतेम नऊ फूट. मग चार कोपऱ्यांत चार उभे बांबू जमिनीपासून स्लॅबपर्यंत दाटून बसवतात, खाली-वर रबराचा किंवा गोणपाटाचा तुकडा ठेवतात, त्यांना आडवे बांबू बांधतात आणि छत त्या चौकटीवर चढवतात. भिंतीला ओरखडा जात नाही. पंखा बंद ठेवायचा, हे घरच्यांना बजावून सांगावं लागतं.

गोदामात तागे रंगांप्रमाणे रचलेले असतात. भगवा गणपतीला आणि शिवजयंतीला निघतो, हिरवा उरुसाला, निळा आंबेडकर जयंतीला. पांढरा सगळ्यांचा असतो: निकाहला जातो, चर्चासत्राला जातो, आणि दहाव्या-तेराव्यालाही त्यालाच बोलावणं येतं. खाली बांबू मात्र एकच, त्याला रंग लागत नाही.

आगीचं भान

या कामातला खरा धोका आग आहे. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवाली इथं शाळेच्या समारंभात मंडप पेटला आणि चारशेहून अधिक माणसं गेली, त्यांत बहुतेक मुलं आणि महिला होत्या. सिंथेटिक कापड जळताना वितळतं आणि पेटते थेंब खाली पडतात. तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस 8758 हे भारतीय मानक आहे. कृत्रिम धाग्यांचं कापड आणि दोर टाळावेत आणि छत निदान 3 मीटर उंच असावं, असं ते सांगतं. कापड भिजवायच्या द्रावणाचं मापही ठरलेलं आहे: अमोनियम सल्फेट 4 भाग, अमोनियम कार्बोनेट 2, बोरॅक्स 1, बोरिक अ‍ॅसिड 1, तुरटी 2 आणि पाणी 35 भाग. हे क्षार पाण्यात विरघळणारे असल्यामुळे धुलाईनंतर कापड पुन्हा भिजवावं लागतं, आणि घाईच्या सीझनमध्ये नेमकं तेच राहून जातं. घरातल्या छतात तर 3 मीटर उंची मिळतच नाही, म्हणून समई छताखालून बाहेर आणि हॅलोजनच्या जागी एलईडी, एवढं तरी पाळायलाच हवं.

लायक्राचे दिवस

आता मोठ्या हॉलमध्ये आणि लॉनवर लोखंडी ट्रस आला आहे आणि कापडात लायक्रा. ड्यूपाँट कंपनीत 1958 मध्ये शोधलेला हा धागा ताणला की लांबतो, सोडला की मूळ मापाला येतो. त्याला चुण्या नकोत, टाचण्या नकोत. चार टोकं ओढून बांधली की गुळगुळीत छत तयार. कापडही कमी लागतं. कात्री न लावायच्या जुन्या नियमात तो चपखल बसतो, म्हणून मंडपवाल्यांनी त्याला पटकन जवळ केलं. आगीच्या नियमात मात्र तो बसत नाही. दुसरीकडे, ‘थीम’ सजावटीच्या नादात एका दिवसासाठी कापड कापून, स्टेपल मारून, कार्यक्रम संपला की कचऱ्यात टाकायची रीतही रुळते आहे. गिऱ्हाईक त्याचे पैसे देतं, पण धंद्याची पुंजी अशी साठत नाही.

मंडपवाला पारखायचा असेल तर समारंभाच्या संध्याकाळी जाऊ नये. त्या वेळी दिव्यांत सगळंच चांगलं दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जावं. टाचण्या डब्यात पडतात की जमिनीवर, कापड दोन माणसं किनारीला किनार लावून घडी करतात की ओढून बोचकं बांधतात, सुतळीची गाठ सोडतात की कोयत्यानं तोडतात, ते बघावं. जो ओरबाडून उतरवतो, त्यानं बांधतानाही कुठंतरी खिळा ठोकलेला असतो.