नवी डबलडेकर : आधी कंडक्टर ठरवा, मग जिने

मुंबईत विजेवर चालणारी थंड हवेची डबलडेकर फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि १५ सप्टेंबर २०२३ रोजी जुनी डिझेलची डबलडेकर शेवटची धावली. नव्या गाडीच्या रंगावर, बॅटरीवर पुष्कळ चर्चा झाली. तिच्यात माणसे किती असावीत व ती कोणाच्या नोकरीत असावीत, यावर मात्र कमी बोलले जाते. आम्हा बाजारातल्या लोकांचा संबंध नेमका त्याच गोष्टीशी आहे.

१९३७ साली मुंबईत आलेल्या डबलडेकरची रीत साधी होती. एक कंडक्टर खाली, एक वर, आणि घंटीची दोरी. दोन कंडक्टरांचा खर्च परवडत नाही, हेही कारण सांगत या गाड्या कमी करण्यात आल्या. नव्या गाडीला दोन दारे व दोन जिने आहेत. कार्ड टेकवून चढा, कार्ड टेकवून उतरा, अशी सोयही बेस्टने आणली. म्हणजे कागदावर कंडक्टरची गरज उरत नाही.

पण मंगलदास मार्केटातून दोन ताके घेऊन निघालेला छोटा दुकानदार, मदनपुऱ्यातला जरीचा कारीगर, घरी शिलाई करून तयार माल पोहोचवणारी आपली बहीण, यांचा प्रवास कार्डाने पुरा होत नाही. गाठोडे कुठे ठेवायचे, ते चालेल की नाही, वर जागा आहे का, हे सांगायला माणूस लागतो. म्हाताऱ्याचा पाय पायरीवर असताना दार मिटू नये, हे पाहायलाही माणूसच लागतो. टॅक्सी केली तर कारीगराची दिवसाची मजुरी तिथेच संपते. मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे साध्या गाडीत ५ रुपयांवरून १० आणि थंड हवेच्या गाडीत ६ वरून १२ रुपये झाले. भाडे दुप्पट घ्यायचे आणि सेवेतला माणूस कमी करायचा, हा कोणत्या पेढीचा हिशेब?

आपल्या प्रशासनाने या बाबतीत लंडनकडे जरूर पाहावे. तिथे २०१२ मध्ये नवी डबलडेकर आली. तीन दारे, दोन जिने आणि मागे जुन्या पद्धतीचा उघडा फलाट. त्या फलाटावर लक्ष ठेवायला काही मार्गांवर खास कंडक्टर नेमले. तिकीट देणे हे त्यांचे कामच नव्हते. २०१६ मध्ये खर्चाच्या कारणाने ते कंडक्टर काढले. मग उघडा फलाट कशाचा? चालत्या गाडीत मागचे दार बंद ठेवावे लागले. ज्या सोयीसाठी गाडीचा आराखडा बेतला, ती सोयच गेली, महागडी गाडी मात्र राहिली. खिडक्या उघडत नसल्याने वरचा मजला तापे, म्हणून पुढे उघडणाऱ्या खिडक्या बसवाव्या लागल्या तो खर्च निराळाच. त्या वेळी लंडनचे महापौर होते सादिक खान, ज्यांचे वडील स्वतः बस चालवत! खर्चाची वही त्यांनाही सोडवली नाही.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, नाव बेस्टचे. ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्यावरील कामगारांनी पगारवाढीसाठी काम थांबवले आणि शेकडो गाड्या डेपोत उभ्या राहिल्या. मजुराचा मोबदला कसा द्यावा, याबाबत आपला दीन काय सांगतो हे वाचकांना सांगायला नको. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेच्या गजबजलेल्या रस्त्यावर भाड्याने घेतलेली विजेची बस माणसांवर गेली. अनेक घरे उजाड झाली. नव्या प्रकारच्या गाडीसाठी चालकाला पुरेसे शिकवले होते का, हा प्रश्न तेव्हा सर्वांनीच विचारला. आमच्या धंद्यात नवा कारीगर आला तर चांगला माल त्याच्या हाती लगेच कोणी देत नाही.

तेव्हा क्रॉफर्ड मार्केट, नळबाजार आणि कुर्ल्याच्या व्यापारी संघटनांनी बेस्टला लेखी कळवावे. बाजाराच्या मार्गांवर गर्दीच्या वेळी डबलडेकरमध्ये वर-खाली एकेक कंडक्टर असावा आणि खालच्या मजल्यावर सामानाला जागा ठेवावी. पत्रात नुसती तक्रार नको. कोणत्या थांब्यावरून, कोणत्या वेळी, केवढी गाठोडी जातात, हे आठवडाभर टिपून त्याचा तक्ता सोबत जोडावा.