माहितीकोशातील नोंदी रकान्यांत मांडण्याची रीत

शाळेचे दफ्तर हे शाळेचे स्मरण होय. दाखलखारीज वहीत मुलाचे नाव, जन्मतारीख व दाखल झाल्याचा दिनांक एका आडव्या ओळीत येतात. हजेरीपटात त्याच मुलाच्या पुढे महिन्याच्या तारखांचे उभे रकाने असतात. पट्टी व पेन्सिल घेऊन रकाने आखण्याचे काम ग्रामीण शिक्षकास नवे नाही. अलीकडे मात्र या नोंदींचा मोठा भाग संगणकावरील माहितीकोशात, ज्यास व्यवहारात डेटाबेस म्हणतात त्यात, साठविला जातो. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली सुरू झाली, आणि देशपातळीवर २०१८-१९ पासून ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत शाळांची माहिती भरली जाऊ लागली. माहितीकोशास प्रश्न विचारला असता उत्तर बहुधा एका लांब उभ्या यादीच्या रूपाने मिळते. ती यादी वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल अशा रकान्यांत कशी बसवावी, आणि बसविताना कोणत्या चुका संभवतात, याचा विचार येथे केला आहे.

१. उत्तराला आपला असा क्रम नसतो

आज सर्वत्र वापरात असलेल्या माहितीकोशांची मूळ कल्पना एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली मांडली. सर्व माहिती कोष्टकांत ठेवावी, प्रत्येक आडवी ओळ ही एक नोंद असावी व प्रत्येक उभा रकाना हा त्या नोंदीचा एक गुण असावा, असे तिचे स्वरूप आहे. पुढे १९७४ साली चेंबरलिन व बॉइस यांनी अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच आज एसक्यूएल या नावाने ओळखली जाते.

कॉडच्या कल्पनेत कोष्टकातील ओळी हा एक संच आहे, आणि संचाला पहिला-दुसरा असा क्रम नसतो. पिशवीत टाकलेल्या चिंचोक्यांना जसा क्रम नसतो, तसेच हे आहे. म्हणून क्रम न सांगता यादी मागविली, तर ती आज एका क्रमाने व उद्या दुसऱ्या क्रमाने येऊ शकते. कालपर्यंत नावे नीट क्रमाने येत होती, एवढ्यावरून उद्याही ती तशीच येतील असे मानू नये. पृच्छेतच ‘ऑर्डर बाय’ हे शब्द घालून क्रम मागून घ्यावा. दोन मुलांची नावे सारखीच असण्याचा संभव असतो; यास्तव नावाच्या जोडीला दाखल क्रमांकही क्रमासाठी द्यावा.

२. उभी वाटणी व आडवी वाटणी

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. वर्णक्रमाने ते असे: आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, वर्धा, समुद्रपूर, सेलू, हिंगणघाट. ही आठ नावे तीन रकान्यांत मांडावयाची आहेत असे समजू.

आडव्या वाटणीत पहिले नाव पहिल्या रकान्यात, दुसरे दुसऱ्यात, तिसरे तिसऱ्यात, आणि चौथे पुन्हा पहिल्यात, असे जावे लागते:

आर्वी | आष्टी | कारंजा
देवळी | वर्धा | समुद्रपूर
सेलू | हिंगणघाट |

उभ्या वाटणीत पहिला रकाना वरून खाली भरला जातो, मग दुसरा, मग तिसरा:

आर्वी | देवळी | सेलू
आष्टी | वर्धा | हिंगणघाट
कारंजा | समुद्रपूर |

दोन्ही मांडण्या शुद्ध आहेत. पण त्यांचा उपयोग निराळा आहे. नावांच्या यादीत नाव शोधताना वाचकाची दृष्टी वरून खाली उतरते, म्हणून तेथे उभी वाटणी सोयीची. चित्रे किंवा पुस्तकांची मुखपृष्ठे मांडावयाची असतील, तर डावीकडून उजवीकडे जाणारी आडवी वाटणी स्वाभाविक वाटते. कोणतीही एक रीत ठरवावी व ती संपूर्ण पानावर पाळावी. पानाचा वरचा भाग एका रीतीने व खालचा दुसऱ्या रीतीने मांडल्यास वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

३. भागाकार व बाकी

आडवी वाटणी करताना नावाचा रकाना बाकीवरून कळतो. क्रमांकातून एक वजा करून रकान्यांच्या संख्येने भागावे. बाकी ० आल्यास पहिला रकाना, १ आल्यास दुसरा, २ आल्यास तिसरा. भागाकार हा त्याच्यावर किती ओळी भरून गेल्या ते सांगतो. ‘समुद्रपूर’ सहावे आहे. सहातून एक गेला, पाच राहिले. पाचास तिनाने भागता भागाकार १ व बाकी २. म्हणजे दुसरी ओळ, तिसरा रकाना. वरील कोष्टकात ते तेथेच आहे.

उभ्या वाटणीत थोडी अधिक दक्षता लागते. एकूण नावांना रकान्यांच्या संख्येने भागून अपूर्णांक वरच्या पूर्णांकापर्यंत वाढवावा व प्रत्येक रकान्यात तितकी नावे घालीत जावे, ही सोपी युक्ती पुष्कळ जण वापरतात. आठ नावे व तीन रकाने असता ती ठीक चालते. पण नऊ नावे चार रकान्यांत घालावयाची असता काय होते ते पाहावे. नवाचा चौथा भाग सव्वादोन. तो वाढवून तीन. पहिल्या तीन रकान्यांत तीन-तीन नावे जाऊन नऊ संपतात, आणि चौथा रकाना रिकामा राहतो.

याहून बरी रीत अशी. नऊ भागिले चार, भागाकार २, बाकी १. प्रत्येक रकान्यास दोन नावे द्यावीत, आणि जितकी बाकी असेल तितक्या पहिल्या रकान्यांस एक-एक नाव अधिक द्यावे. वाटणी ३, २, २, २ अशी होते. दहा नावे असती तर बाकी २ येऊन ३, ३, २, २ अशी झाली असती. कोणत्याही दोन रकान्यांत एकापेक्षा अधिक नावांचा फरक पडत नाही. चौथीतील मुलास येणारा हा भागाकार आहे, आणि संगणकही याहून वेगळे काही करीत नाही.

४. मराठी वर्णक्रमाची अडचण

संगणक प्रत्येक अक्षरास एक क्रमांक देतो. युनिकोड या सर्वमान्य संकेतात देवनागरी अक्षरांचे क्रमांक ठरलेले आहेत. पण ते अनेक भाषांसाठी एकत्र ठरविलेले असल्यामुळे मराठी वर्णमालेशी सर्वत्र जुळत नाहीत. मराठीत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडात त्याचे स्थान ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये आहे. ‘क्ष’ व ‘ज्ञ’ ही वर्णमालेच्या शेवटी शिकविली जातात. संगणक त्यांस जोडाक्षरे समजून ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटात घालतो. केवळ या क्रमांकांवरून नावे लावली, तर ज्ञानेश्वर हे नाव जानकी व ज्योती यांच्या मध्ये येते. ते यादीच्या अखेरीस शोधणाऱ्यास सापडत नाही, आणि त्या मुलाचे नाव राहिले असा समज होतो. मराठीचा क्रम जाणणारी मांडणी माहितीकोशात निवडता येते. ती सोय नसल्यास निदान यादीच्या डोक्यावर कोणता क्रम पाळला आहे ते लिहावे.

५. दोन अंगांचे कोष्टक

आतापर्यंत एकाच यादीचे तुकडे करून ते शेजारी ठेवले. शाळेस पुष्कळदा याहून निराळे कोष्टक हवे असते: आडव्या ओळी इयत्तांच्या, आणि उभे रकाने मुलगे व मुली यांचे. येथे चूक झाली तर तिचे फळ मुलांस भोगावे लागते, म्हणून ही गोष्ट नीट समजून घ्यावी.

पाच इयत्तांची एक शाळा घेऊ. इयत्तावार मुलगे अनुक्रमे ६, ४, ५, ३, ६ आणि मुली ५, ७, ०, ४, ६ आहेत. तिसरीत एकही मुलगी नाही. माहितीकोशास “इयत्ता व लिंग यांनुसार गट करून संख्या सांग” असे विचारले, तर उत्तरात दहा नव्हे, नऊच ओळी येतात. जो गट अस्तित्वातच नाही त्याची ओळ माहितीकोश देत नाही. शून्य असे लिहूनही देत नाही.

आता कोणी हे नऊ आकडे ओळीने घेऊन, एक मुलग्यांच्या व एक मुलींच्या रकान्यात असे टाकीत गेला, तर कोष्टक असे होते:

पहिली: मुलगे ६, मुली ५
दुसरी: मुलगे ४, मुली ७
तिसरी: मुलगे ५, मुली ३
चौथी: मुलगे ४, मुली ६
पाचवी: मुलगे ६, मुली (रिकामे)

तिसरीत नसलेल्या तीन मुली निर्माण झाल्या आणि पाचवीतील सहा मुली नाहीशा झाल्या. खरे पाहता चौथीचे तीन मुलगे तिसरीच्या मुली म्हणून गणले गेले. विशेष हे की एकूण बेरीज मूळच्याप्रमाणेच ४६ येते. केवळ शेवटची बेरीज ताडून पाहणाऱ्यास ही चूक कधीच दिसणार नाही. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती मागासवर्गीय मुलींना पाचवीपासून मिळते. जिच्या इयत्तेपुढे मुलींचा रकाना रिकामा, तिच्या वाट्याची मदत मागणार कोण? पोषण आहाराचेही तसेच आहे. पाचवीपर्यंतच्या मुलास दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य असे प्रमाण ठरलेले आहे. आकडे एका घराने सरकून पाचवी-सहावीची सीमा ओलांडू लागले, तर धान्याचा हिशेबही चुकतो.

उपाय सोपा आहे. आकडा त्याच्या पाळीने नव्हे, पत्त्याने ठेवावा. प्रथम सर्व इयत्ता व दोन्ही रकाने आखून प्रत्येक घरात शून्य भरावे. मग उत्तरातील प्रत्येक ओळ वाचून, तिची इयत्ता व लिंग पाहून, तो आकडा त्याच घरात लिहावा. पोस्टमन पत्रे हाती आली त्या क्रमाने घरोघर टाकीत नाही. पत्ता वाचून टाकतो. तेच येथे करावयाचे. पृच्छेतही प्रत्येक इयत्तेच्या ओळीत मुलग्यांची व मुलींची निराळी बेरीज मागता येते. तसे केल्यास तिसरीच्या मुलींपुढे ० आपोआप येते. एखाद्या इयत्तेत एकही मूल नसेल, तर इयत्तांची स्वतंत्र यादी जोडून घ्यावी.

पडताळ्यासाठी प्रत्येक ओळीची बेरीज हजेरीपटाशी ताडावी. वरील शाळेत खऱ्या बेरजा ११, ११, ५, ७, १२ आहेत. चुकीच्या कोष्टकात त्या ११, ११, ८, १०, ६ येतात. तिसरीच्या ओळीवरच चूक सापडते. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३,००,७७४ नोंदली गेली. तीत पुरुष ६,६८,३८५ व स्त्रिया ६,३२,३८९. जिल्ह्याच्या कोष्टकातही ओळीची बेरीज ताडता येते, तर शाळेच्या कोष्टकात ती न ताडण्यास कारण नाही.

६. शून्य आणि रिकामी जागा

शून्य म्हणजे मोजले व काही आढळले नाही. रिकामी जागा म्हणजे मोजलेच नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या वर्गात एके दिवशी एकही मूल आले नाही, तर तेथे ० लिहावे. हजेरी घेतली गेली नसेल तरच जागा रिकामी सोडावी. चार दिवसांची हजेरी १२, ९, ०, ११ असेल, तर सरासरी ८ येते. शून्याच्या जागी रिकामे सोडले, तर संगणक तो दिवस गाळून तिनानेच भागतो व सरासरी १० च्या वर जाते. वर्ग ओस पडला ही गोष्ट कोष्टकातून पुसली जाते, आणि त्या मुलांच्या घरी जाऊन विचारपूस करण्याची निकड कोणास वाटत नाही.

७. पडद्याची रुंदी

कागदाची रुंदी ठरलेली असते, पडद्याची नसते. जे तीन रकाने संगणकावर शोभतात, तेच मोबाइलवर दाटी करतात. नावांच्या साध्या यादीस रकान्याची किमान रुंदी सांगून ठेवल्यास पडदा अरुंद असता रकाने आपोआप दोन किंवा एक होतात. यादी उभ्या वाटणीची असल्यास रकाने कमी झाल्यावरही वरून खाली क्रम कायम राहतो, हा तिचा आणखी एक लाभ. दोन अंगांचे कोष्टक मात्र असे मोडू नये. ते कोष्टक म्हणूनच ठेवावे व त्याचे मथळे मथळे म्हणूनच नोंदवावेत. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखविणारी योजना वापरते, तेव्हा मथळा योग्य असेल तरच तिला “तिसरी, मुली, शून्य” असे ऐकू येते. नाही तर नुसते “शून्य”. मुलांचे आधार क्रमांक, जात किंवा घरचा पत्ता यांचे रकाने सर्वांस दिसणाऱ्या पानावर कधीही घालू नयेत.

८. वर्गातील उपयोग

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीमची योजना पुढे आली. हाताचे काम व त्याचा हिशेब यांतूनच गणित व भाषा शिकावी, हा तिचा गाभा होता. रकान्यांचा हा विषय त्या पद्धतीने शिकविण्यास फार चांगला आहे. प्रत्येक मुलास त्याच्या नावाची चिठ्ठी द्यावी. वर्गाने प्रथम वर्णक्रमाने उभे राहावे. मग चार रांगांत उभी व आडवी अशी दोन्ही वाटणी करून दाखवावी. आपली रांग व जागा प्रत्येकाने भागाकार करून आधीच सांगावी. पुढे जमिनीवर खडूने इयत्ता व मुलगे-मुली यांची घरे आखून मुलांनी आपापल्या घरात उभे राहावे. एखादे घर रिकामे राहील. त्या घरात काय लिहावे, असे शिक्षकाने विचारावे, आणि उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.