सेफ्टन पार्क, लिव्हरपूल

लिव्हरपूलच्या दक्षिण उपनगरातलं हे सुमारे २३५ एकरांचं उद्यान १८७२मध्ये लोकांसाठी खुलं झालं. जमीन अर्ल ऑफ सेफ्टनची. आराखड्याची स्पर्धा जिंकली ती पॅरिसच्या बागांवर काम केलेले एदुआर आंद्रे आणि स्थानिक वास्तुविशारद लुईस हॉर्नब्लोअर या जोडीने. सरळ वाट इथे क्वचितच. सगळ्या वाटा वळणाच्या, एकमेकींत शिरणाऱ्या. पहिल्या भेटीत दिशा चुकते. खुशाल चुकू द्यावी.

चुकवू नये ते पाम हाउस. लोखंड आणि काचेचं हे अष्टकोनी, तीन मजली उंच हरितगृह १८९६चं. मे १९४१च्या जर्मन बॉम्बहल्ल्यांत त्याच्या काचा फुटल्या. नंतर त्या बसवल्या खऱ्या, पण देखभालीची आबाळ झाली आणि १९८०च्या दशकात ते बंद पडलं. नागरिकांनी चळवळ करून, निधी उभारून ते वाचवलं. २००१मध्ये ते पुन्हा उघडलं. भोवती कोलंबस, कॅप्टन कुक, डार्विन यांचे पुतळे आहेत.

उद्यानात प्रवेश विनामूल्य. लिव्हरपूल सेंट्रलहून लोकलने सेंट मायकल्सला उतरावं, पुढे थोडं चालावं. पोटपूजेला शेजारीच लार्क लेन. पाम हाउस लग्नसमारंभांसाठी भाड्याने दिलं जातं, तेव्हा निघण्यापूर्वी ते खुलं आहे का, याची चौकशी करा.