रुपयाचा खुर्दा, खुर्द्याचे रुपये

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मी आधी एक रुपयाची दहा नाणी ठेवली. १९९० च्या दशकातली, मोठ्या चकतीची. आकडा ४८ आणि ४९ ग्रॅमच्या मध्ये घुटमळत राहिला. ती उचलून दोन रुपयांची दहा नाणी ठेवली, २०११ नंतरची, ₹ हे चिन्ह असलेली. आकडा पुन्हा तिथेच येऊन घुटमळू लागला. मग एक रुपया आणि एक दोनाचं नाणं पाठीला पाठ लावून धरलं, तर कडेला कड तंतोतंत जुळली. दोन्ही पोलादी, दोन्ही २५ मिलिमीटर रुंद, दोन्ही ४.८५ ग्रॅम वजनाची. धातू तेवढाच, पण एका ढिगाचे दहा रुपये होतात आणि दुसऱ्याचे वीस.

हे सगळं सुरू झालं लेकीच्या गल्ल्यापासून. ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर आमचं घर. येताजाता खिशात, पर्सच्या तळाशी जे राहील ते सहा वर्षं त्या मातीच्या गल्ल्यात पडत होतं. या दिवाळीत तो इतका जड झाला की तिला दोन्ही हातांनी उचलवेना. फोडला, वर्तमानपत्रावर पसरला, आणि तिनं विचारलं, “आई, आता याचे खरे पैसे कसे करायचे?”

खरे पैसे! समोर तीन किलो चारशे ग्रॅम पैसा पडला होता आणि तिला तो खरा वाटत नव्हता. मोठ्यांनाही तो फारसा खरा वाटत नाही, म्हणून तर तो बरणीत, ड्रॉवरमध्ये, देव्हाऱ्यामागे पडून राहतो. त्या दुपारी आम्ही तो नीट पाहायचं ठरवलं, आणि संध्याकाळपर्यंत मी थक्क झाले होते.

पहिलं काम निवडण्याचं. फ्रिजच्या दारावरचं लोहचुंबक काढून ढिगावरून फिरवलं. पोलादी रुपये आणि दोनाची नाणी टपाटप चिकटली. पिवळसर पाचाची नाणी जागची हलली नाहीत, कारण त्यांत तांबं, जस्त आणि निकेल असतं. त्यांतच एक जाडजूड, पांढरट पाचाचं नाणं सापडलं, तांबं-निकेलचं, ९ ग्रॅमचं. रुंदी पिवळ्या भावंडाइतकीच, २३ मिलिमीटर, पण पिवळं भरतं ६ ग्रॅम. तळहातावर दोन्ही ठेवली की डोळे मिटूनही फरक कळतो.

हातानं पैसे ओळखणं हा काहींसाठी रोजचा व्यवहार आहे. मार्च २०१९ मध्ये नाण्यांची नवी मालिका आली ती दृष्टिहीनांचा विचार करून. रुपया २० मिलिमीटर, दोनाचं नाणं २३, पाचाचं २५, दहाचं २७. किंमत वाढते तसा आकार आणि वजनही वाढतं. वीसचं नाणं रुंदीला दहाइतकंच, पण त्याला बारा कोपरे. बोट फिरवलं की उत्तर मिळतं. त्याआधी २००७ च्या सुमाराच्या नाण्यांवर नृत्यातल्या हस्तमुद्रा होत्या, रुपयावर वर केलेला अंगठा, दोनाच्या नाण्यावर दोन बोटं. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही हिशेब कळावा असा तो हात. माझ्या लेकीनं दोनाचं नाणं धरून स्वतःची दोन बोटं तशीच वर केली.

मग आम्ही साल पाहू लागलो. सालाखाली बारीकशी खूण असते. चौकट असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं. मुंबईची टांकसाळ फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर १८२९ पासून उभी आहे, म्हणजे ठाण्याहून लोकलनं जेमतेम ३४ किलोमीटरवर. आमच्या ढिगात चौकटीचं राज्य होतं. पण तारेही पुष्कळ होते. हैदराबादेत पडलेला रुपया किती खिसे, किती गल्ले, किती फुलवाल्यांचे पाट करत खोपटला आला असेल याचा माग कुणालाच लागणार नाही.

या सुट्ट्यांसाठी आपल्या भाषेकडे शब्दांचा मोठा साठा आहे. चिल्लर, मोड, सुट्टे, चवली-पावली. आणि जुना भारदस्त शब्द, खुर्दा. पानिपताच्या पराभवाची बातमी सावकारी सांकेतिक भाषेत आली, तेव्हा पडलेले सरदार त्यात मोती आणि मोहरा झाले होते, आणि मोजदाद न झालेले सामान्य शिपाई झाले होते खुर्दा. ज्याची गणती करत नाहीत तो खुर्दा, हा अर्थ तेव्हापासून मनात रुतून बसलेला आहे. ‘दाम’ हा शब्द तर त्याहून दूरचा. ग्रीकांचं ‘द्राख्मे’ संस्कृतात ‘द्रम्म’ झालं, प्राकृतात ‘दम्म’, आणि आपल्याकडे दाम. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत हे द्रम्म येतात, आणि त्यांचं स्थानक म्हणजेच आपलं ठाणं. हजार वर्षांमागेही या गावात कुणीतरी द्रम्म मोजत बसलं होतं.

आणि एक शब्द, ज्यावर सगळं फिरतं: बट्टा. पूर्वी नाणं बदलायला सराफाकडे गेलं की तो ते वाजवून पाहायचा, झिजलेलं असेल, परमुलखातलं असेल तर कमी पैसे द्यायचा. ती कपात म्हणजे बट्टा. नावाला बट्टा लागतो तो तिथूनच. तेव्हा नाण्याची किंमत धातूत होती, म्हणून झीज म्हणजे नुकसान. आज आमच्या ढिगातला पार गुळगुळीत झालेला रुपयाही पुरा रुपयाच आहे. अमेरिकेत दुकानांच्या दाराशी नाणी ओतायची यंत्रं असतात, ती मोजून पावती देतात, पण रोखीत हवे असतील तर शेकडा दहाहून जास्त कापून घेतात. हा यंत्राचा बट्टा. आपल्याकडे सुट्ट्यांचे बिनबट्ट्याचे पैसे करण्याचे मार्ग आहेत, आणि ते घरापासून फार लांबही नाहीत.

पहिला मार्ग गल्लीतला. सकाळी सातला चहाची टपरी, दूधवाला, जांभळी नाक्यावरचे भाजीवाले, फुलवाले, साऱ्यांना बोहनीच्या वेळी सुट्टे हवे असतात. पाचशेची नोट घेऊन आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला परत काय द्यायचं? हल्ली पुष्कळ व्यवहार फोनवर होतात, त्यामुळे दुकानात सुट्टे आपोआप जमत नाहीत, पण रोख देणारं गिऱ्हाईक आलं की लागतात तर खरेच. शंभराच्या पुड्या बांधून ओळखीच्या दुकानात विचारा. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांनी पाचाच्या शंभर नाण्यांची पुडी हातात तोलून पाहिली, न मोजता पाचशेची नोट काढून दिली आणि म्हणाले, “ताई, एकेकाची असतील तर तीपण आणा.” एकेकाची नाणी पूजेच्या दुकानालाही लागतात. सत्यनारायणाच्या विड्यांवर प्रत्येकी एक, आहेराच्या पाकिटावर चिकटवलेला एक.

दुसरा मार्ग स्वतःच खर्चण्याचा. २०११ च्या नाणे कायद्यानं एक रुपया आणि त्यावरची नाणी एका वेळी १,००० रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, पन्नास पैशांची १० रुपयांपर्यंत. म्हणजे हजाराच्या आतलं देणं नाण्यांत देता येतं. दहाच्या नाण्याबद्दल मध्यंतरी अफवा उठली होती की अमुक छाप खोटा, तमुक खरा. रिझर्व्ह बँकेनं १७ जानेवारी २०१८ ला स्पष्ट केलं की तोवर निघालेले चौदाही छाप चालतात.

तिसरा मार्ग बँकेचा, आणि ढीग मोठा असेल तर हाच उत्तम. बँकेत नाणी भरण्यावर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा नाही. शाखांनी नाणी नाकारू नयेत, एक आणि दोन रुपयांची शक्यतो वजनानं घ्यावीत, आणि शंभर-शंभरची प्लास्टिकची पाकिटं केली तर दोन्ही बाजूंची सोय होते, असं तिच्या सूचनांत सांगितलेलं आहे. मात्र वजनानं घेणं किती नाजूक काम आहे ते आमच्या काट्यानं दाखवून दिलं होतं. शंभर जुने रुपये ४८५ ग्रॅम, २०११ नंतरचे ३७९, २०१९ च्या मालिकेतले ३०९. तीन पिढ्या एका पाकिटात कोंबल्या तर वजनावरून काहीच कळणार नाही. म्हणून पाकीट करताना किमतीबरोबर आकारही वेगळा ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची, स्वतः दोनदा मोजायचं.

मी गेले त्या शाखेत खिडकीवरचे साहेब आधी पिशवीकडे पाहून जरा थांबले. मग पाकिटं समोर मांडली. त्यांनी एक उघडून यंत्रात ओतलं, चकत्या खळाळत खाली उतरल्या, आकडा शंभरावर थांबला. दुसऱ्यालाही शंभर. बाकीच्यांसाठी त्यांनी काटा वापरला. दुपारी गर्दी ओसरल्यावर गेलेलं बरं, हे मात्र त्यांनी आपणहून सांगितलं, आणि ते खरंही आहे. मोठा भरणा असेल तर हाताळणीचं शुल्क आहे का हे आधी विचारून घ्यावं. एखाद्या शाखेनं घ्यायचंच नाकारलं, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.

बँकांची अडचण खोटी नाही. नाणं जागा खातं. २०२३ मध्ये शिर्डीत भाविकांच्या दानातली नाणी इतकी साचली की काही बँकांनी ठेवायला जागा नाही म्हणून हात वर केले होते. आम्हीही हिशेब केला. एक किलो एकेकाची नाणी (२०११ नंतरची) म्हणजे सुमारे २६४ रुपये, दोनाची ४१२, पिवळ्या पाचाची ८३३, दहाची जवळपास १,३००. शंभराची नोट कागदाइतकी हलकी, तर शंभर रुपयांचे रुपये पाव किलोच्या वर. गंमत म्हणजे २०२३ मध्येच रिझर्व्ह बँकेनं उलट्या दिशेची यंत्रं बसवायला सुरुवात केली. मुंबईसह बारा शहरांत १९ ठिकाणी, फोननं क्यूआर कोड वाचून पैसे भरायचे आणि यंत्रातून नाणी घ्यायची. एकीकडे नाणी ठेवायला जागा नाही, दुसरीकडे मिळायला यंत्र लागतं, आणि या दोहोंच्या मधोमध असतो घरोघरचा गल्ला.

तो गल्ला रिकामा करणं का महत्त्वाचं, हे मला एका आकड्यानं पटलं. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात मुंबई टांकसाळीनं दिलेल्या उत्तरानुसार एक रुपयाचं नाणं पाडायला १ रुपया ११ पैसे लागत होते. रुपयाहून जास्त! २००७ मध्ये तर आपली नाणी चोरून बांगलादेशात नेऊन त्यांची दाढीची पाती करतात अशा बातम्या होत्या, म्हणजे धातू म्हणूनही नाण्याला मागणी होती. नाणी वितळवणं कायद्यानं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बरणीत ठेवणं गुन्हा नाही, पण बरणीतल्या रुपयाची जागा भरायला दुसरा रुपया पाडावा लागतो.

ढिगाच्या तळाशी सहा नाणी निघाली, ज्यांचे पैसे होणार नव्हते. गेंड्याच्या चित्राची पंचवीस पैशांची, ३० जून २०११ पासून चलनातून गेलेली. पावली. त्यांना हजारो रुपये मिळतात असे संदेश फिरतात, आधी थोडं शुल्क भरा म्हणतात. त्यात रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून फसवणूक होते, म्हणून २०२१ मध्ये बँकेनंच सावध केलं होतं. आम्ही ती सहा लेकीच्या डबीत ठेवली. पन्नास पैशांची नऊ मात्र अजून चालतात. एकूण भरले १,८७६ रुपये ५० पैसे.

एक पाकीट एकेकाचं आम्ही बँकेत नेलं नव्हतं. दोन दिवसांनी भिवंडीच्या गाडीत बसलो, आणि कंडक्टरनं पुढच्या सीटवरून रोजची हाक दिली, “सुट्टे काढा, सुट्टे.” लेकीनं पाकीटच पुढं केलं. “मास्तर, शंभर आहेत. मोजलेत.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं, शंभराची नोट दिली आणि पाकीट कातडी पिशवीत उलटं केलं. तो आवाज सगळ्या गाडीनं ऐकला. पुढच्याच थांब्यावर एक आजी चढल्या. तिकीट फाडून कंडक्टरनं त्यांना तीन रुपये परत दिले. त्यांनी ते न पाहता रुमालाच्या गाठीत बांधले.

“ते आपले होते,” लेक कुजबुजली. “आता त्यांचे झाले ना? खरे पैसे.”