सॅल्मन पकडायचा आणि पुन्हा नदीत सोडायचा! स्कॉटलंडमध्ये असं का करतात?

स्कॉटलंडच्या टे नदीत १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन यांनी गळाने ६४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २९ किलोंचा सॅल्मन पकडला. ब्रिटनमधला हा विक्रम आजही कायम आहे. आता मात्र तिथले गळ टाकणारे बहुतेक सॅल्मन जिवंत सोडून देतात. कारण काय?

सॅल्मन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला जन्माच्या नदीत परततो. म्हणजे एक मादी घरी नेली, की हजारो अंडी गेली. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या अटलांटिक सॅल्मनची नोंद संकटग्रस्त प्रजातींत झाली. ज्या नद्यांत मासे फारच कमी उरलेत, तिथे पकडलेला सॅल्मन सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण समुद्रात आणि तापत चाललेल्या नद्यांत मरणारे मासे एवढ्याने वाचणार नाहीत.