चरबीची टाकी, फॅटी लिव्हर आणि आपण



वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला की आपल्यापैकी बहुतेकांची नजर आधी टोटल कोलेस्टेरॉलवर जाते. आकडा 200 च्या आत असला की सुटलो म्हणायचे आणि फ्रीजमधले श्रीखंड बाहेर काढायचे! पण ज्यांचे वजन खूपच जास्त आहे, त्यांच्या बाबतीत हा आकडा फारसे काही सांगत नाही. अशा माणसाचे एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, बऱ्याचदा बेताचेच असते. बिघाड दिसतो तो त्याच कागदावरच्या ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एएलटी या आकड्यांत. आम्ही काही डॉक्टर नव्हे, कोड लिहून पोट भरणारे (आणि बसून बसून ते वाढवणारे) इंजिनिअर. तेव्हा उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. आत यंत्र कसे चालते एवढेच आम्ही सांगणार.

आपल्या कातडीखालची चरबी म्हणजे पाण्याच्या टाकीसारखी सोय आहे. जेवणातून आलेली जादा ऊर्जा तिथे साठते आणि उपासाला कामी येते. टाकीचे दार सांभाळणारे हार्मोन म्हणजे इन्सुलिन. वजन फार वाढले की चरबीच्या पेशी इन्सुलिनचे ऐकेनाशा होतात, दार नीट बंद होत नाही आणि फॅटी ॲसिड दिवसरात्र रक्तात गळत राहतात. ते जातात थेट लिव्हरकडे.

मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2005 साली यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. फॅटी लिव्हर असलेल्या 9 रुग्णांना खुणेचे अणू घातलेली फॅटी ॲसिड देऊन, लिव्हरमधली चरबी नेमकी कुठून आली हे त्यांनी मोजले. सुमारे 59 टक्के आली होती अशी टाकीतून गळून. 26 टक्के लिव्हरने स्वतःच साखर-पिष्टापासून बनवलेली होती. थेट खाल्लेल्या तेलातुपातून आलेली फक्त 15 टक्के! म्हणजे पोळीवरचे तूप बंद करून सोबत ग्लासभर ऑरेंज ज्यूस घेणाऱ्याने काय साधले, ते तुम्हीच बघा.

लिव्हरही गप्प बसत नाही. आलेल्या चरबीची व्हीएलडीएल नावाची पार्सले बांधून ती रक्तात पाठवत राहते. तीच आपल्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड म्हणून दिसतात. उपाशीपोटी 150 च्या आत असावीत. 200 च्या पुढे जास्त आणि 500 च्या पुढे गेली तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका सुरू होतो. या पार्सलांची रक्तात इतर कणांशी देवाणघेवाण चालते. त्यात एचडीएल घटते (पुरुषांत 40 आणि बायकांत 50 च्या खाली म्हणजे कमी) आणि एलडीएलचे कण लहान व घट्ट होतात. एलडीएलचा एकूण आकडा तोच राहतो, पण कणांची संख्या वाढलेली असते. म्हणून टोटलमधून एचडीएल वजा करून येणारा नॉन-एचडीएल हा आकडा अशा माणसासाठी जास्त खरा.

पार्सले पाठवूनही जी चरबी उरते ती लिव्हरमध्ये साचते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या अतिस्थूल लोकांत दहातल्या आठ-नऊ जणांच्या लिव्हरमध्ये ती सापडते. काहींच्या बाबतीत गोष्ट तिथेच थांबते. काहींच्या लिव्हरला सूज येते, मग व्रणासारखे तंतू धरतात आणि शेवटी सिरॉसिस. दारूच्या थेंबालाही न शिवणाऱ्यांना असे होते, हे एका गटात नीट नोंदवून त्या सुजेला नाव दिले ते रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. युर्गन लुडविग आणि सहकाऱ्यांनी, 1980 साली, 20 रुग्णांच्या अभ्यासातून. 2023 साली या आजाराचे नाव बदलून मॅसल्ड झाले, त्यातल्या सुजेच्या अवस्थेचे मॅश. जुन्या रिपोर्टवर एनएएफएलडी किंवा नॅश दिसले तर घोटाळू नका, आजार तोच.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेत सीव्हिअर ओबेसिटी म्हणजे बीएमआय 40 च्या पुढे. साडेपाच फुटाच्या माणसाला ते सुमारे 248 पौंड झाले. आपल्यात असे कितीसे? खरी गोम इथेच आहे, आणि ती उलगडली आपल्या पुण्यात.

केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! एक मॅरेथॉन पळणारे. दुसऱ्यांचा व्यायाम म्हणजे लिफ्टचे दार बंद होण्याआधी गाठणे, अशी कोपरखळी त्यांनी स्वतःलाच मारून घेतली आहे. पण हा नुसत्या व्यायामाचा फरक नव्हता. त्याआधी, 2003 साली, याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळे सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5 किलोची. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास तेवढीच. वरून बारीक आणि आतून चरबीदार, असा घाट जन्मापासूनच.

इकडे अमेरिकेत 2010 पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात मसाला नावाचा अभ्यास चालू आहे (नाव खरेच तसे आहे!). त्यात 40 ते 84 वयाचे 906 दक्षिण आशियाई लोक सुरुवातीला घेतले. गोऱ्या, काळ्या, हिस्पॅनिक आणि चिनी अमेरिकन लोकांशी तुलना केल्यावर आपल्या लोकांच्या पोटात आणि लिव्हरमध्ये चरबी जास्त, स्नायू कमी असे दिसले. सोप्या भाषेत, आपली टाकी लहान आहे. ज्या वजनाला एखाद्या धिप्पाड अमेरिकन माणसाची चरबी नितंबांवर आणि मांड्यांवर निवांत बसलेली असते, त्या वजनाला आपली लिव्हरमध्ये सांडायला लागते. आणि आपण घरात त्याला म्हणतो "खात्यापित्या घरचा".

नियमही आता हे मानू लागले आहेत. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2015 पासून आशियाई लोकांची मधुमेहाची तपासणी बीएमआय 23 पासून करावी असे सांगितले. शस्त्रक्रियेसाठी 1991 पासून 40 ची, किंवा सोबत दुसरा आजार असल्यास 35 ची अट होती. 2022 साली सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी ती सरसकट 35 केली आणि आशियाई लोकांसाठी 27.5 पासून विचार करावा असे म्हटले. साडेपाच फुटाच्या माणसाला 27.5 म्हणजे सुमारे 170 पौंड. असे तर आपल्या मंडळात पुष्कळ आहेत! याचा अर्थ सर्वांनी ऑपरेशन करून घ्यावे असा मुळीच नाही, पण लिव्हरची चौकशी त्या वजनाला करायलाच हवी. औषध किंवा ऑपरेशनची वेळ आलीच तर तुमचा इन्शुरन्स कोणता आकडा धरतो हे आधी लेखी विचारून घ्या.

चौकशी कशी करायची? लॅबच्या कागदावर एएलटी 45 असले तरी पुष्कळदा "नॉर्मल" छापलेले असते. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने 2017 साली खरी वरची मर्यादा पुरुषांसाठी 29 ते 33 आणि बायकांसाठी 19 ते 25 सांगितली. मात्र एएलटी अगदी छान असूनही तंतू धरलेले असू शकतात, म्हणून फिब-4 नावाचे गणित करतात. वय गुणिले एएसटी. त्याला भागायचे प्लेटलेट गुणिले एएलटीचे वर्गमूळ याने. समजा वय 45, एएसटी 40, एएलटी 64, प्लेटलेट 200 (हजारांत). 1800 भागिले 1600, उत्तर 1.125. ते 1.3 च्या आत म्हणजे सध्या काळजी कमी. त्याच्या पुढे असेल तर फायब्रोस्कॅन करायला सांगतात, म्हणजे सोनोग्राफीसारखा बिनदुखीचा, लिव्हरचा कडकपणा मोजणारा प्रकार. 65 च्या पुढच्या आईबाबांसाठी मर्यादा 2 धरतात. पस्तिशीच्या आतल्यांसाठी हे गणित भरवशाचे नाही, तेव्हा एक्सेल शीट उघडलेल्या तरुण मंडळींनी उत्तर बघून फार खूश होऊ नये.

उपायांत अजूनही पहिला नंबर वजनाचाच. 5 टक्के उतरले की लिव्हरची चरबी कमी होते, 7 ते 10 टक्क्यांनी सूज, आणि 10 च्या पुढे गेल्यास तंतूही मागे हटू शकतात. 200 पौंडांच्या माणसाला ते 20 पौंड. मात्र महिनाभर फक्त काकडी-ताक असला प्रकार नको. वजन फार भराभर उतरले तर पित्ताशयात खडे होतात. तंतू मध्यम ते जास्त आहेत पण सिरॉसिस झालेला नाही, अशांसाठी मार्च 2024 मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट 2025 मध्ये सेमाग्लुटाइड, म्हणजे वेगोव्ही, यांना अमेरिकेत मान्यता मिळाली.

आणखी एक. "लिव्हर खराब आहे म्हणून स्टॅटिन बंद केली" हे आम्ही पॉटलकच्या रांगेत वारंवार ऐकतो. फॅटी लिव्हरमध्ये स्टॅटिन सुरक्षित मानली जाते, आणि या रुग्णांचा मोठा शत्रू हृदयविकारच असतो. गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

राहता राहिली मुले. लठ्ठ मुलांची एएलटी 9 ते 11 या वयात तपासावी असे मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांच्या इथल्या संघटनेने 2017 साली सांगितले आहे. वजन थोडेच जास्त असेल पण घरात कुणाला फॅटी लिव्हर असेल, तरीही.  शाळेच्या फिजिकलला जाल तेव्हा ही तपासणी मागून घ्या, आपणहून ती होईलच असे नाही.