खुल्या गटाखालची कबड्डी

धानाची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत रात्री नाटक आणि दिवसा कबड्डी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, वडसा, आरमोरीकडे गावोगावची मंडळं सामने भरवतात. गर्दी खुल्या गटाला. मी मात्र पंच म्हणून वजनगटच मागून घेतो. तिथे दांडगाई चालत नाही, पाय चालतात.

खरा पहिला सामना तराजूवर होतो. पोरगं बूट काढतं, पट्टा काढतं, शेवटी बनियनही. काटा तरी पुढेच! मग धानाच्या बांधीभोवती धावून घाम गाळतं आणि परत उभं राहतं.

खेळ जुना, पण नियम गेल्या शतकातले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तो जगाला दाखवला. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांपासून त्याला पदक मिळू लागलं. हल्ली चढाई 30 सेकंदांची. पूर्वी दम टिकेल तोवर, आणि दम तुटला की नाही यावरून भांडणं! घड्याळाने पंचांचे प्राण वाचवले. तरी 'कबड्डी कबड्डी' ऐकू यायलाच हवं. लाउडस्पीकरवाल्याला तेवढं कोणीतरी सांगा.